स्वतःची घोडी, आणि तरी पोटात गोळा

पत्राचा सारांश: बडोद्याच्या एक वाचक लिहितात. वय सत्तेचाळीस, सरकारी बँकेत नोकरी. लहानपणापासूनची हौस म्हणून क्लबात दोन वर्षं घोडेस्वारी शिकल्या आणि गेल्या वर्षी सौराष्ट्रातून सहा वर्षांची काठियावाडी घोडी आणली. ती सिंधरोटच्या बाजूला एका फार्मवर असते. क्लबातल्या वयस्कर घोड्यांवर त्या निर्धास्त बसायच्या, पण ही घोडी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीलाही बुजते. पावसाळ्याआधी शेतातून अचानक रोझ, म्हणजे नीलगाय, निघाला, घोडी बाजूला उडाली आणि बाई पडल्या. मनगट मोडलं. ते जुळून आलं, पण आता तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळतानाच पोटात गोळा येतो. सईस, म्हणजे घोडी सांभाळणारा माणूस, रोज सकाळी घोडीला कालव्याच्या रस्त्यावर पळवून आणतो आणि ती दमली की बाई थोडा वेळ आवारातल्या आवारात बसतात, तेही चालीवर, म्हणजे घोडी नुसती चालवत. फार्मवरची बाकी मंडळी स्पर्धांची तयारी करतात, त्यांच्यासमोर लाज वाटते. माहेरी गायकवाडांच्या फौजेतली शिलेदारी होती, हे वडील येईल त्याला सांगतात. यजमान म्हणतात, विकून टाक. एक ट्रेनर म्हणतो, दोन महिने माझ्याकडे सोडा, सरळ करून देतो. नणंदेने घोडीच्या मानेवरचा केसांचा भोवरा अशुभ ठरवला आहे. “माझ्यात दमच नाही का?” असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रात पडण्याची हकीकत चार ओळींची आहे आणि लाजेची दीड पानाची. म्हणून आधी लाजेकडे वळते.

आपल्या गावात घोडा दोनच ठिकाणी नजरेस पडतो. एक काळा घोडा चौकात, सयाजीराव महाराजांच्या पुतळ्यात. दुसरा लग्नसराईत, वरघोड्यात, बँडच्या तालावर पाय उचलताना. एकावर राजा, दुसऱ्यावर नवरदेव, आणि दोघांकडे चार माणसं मान वर करून बघणार. कुणी बघत नसताना नुसतं फिरायला म्हणून घोड्यावर बसलेला माणूस आपण सहसा पाहिलेलाच नसतो. त्यामुळे घरी घोडा आला की काहीतरी करून दाखवायला हवं असं आपल्यालाही वाटतं आणि शेजाऱ्यांनाही. तुम्ही घोडी कशासाठी घेतलीत, ते पत्रात एका कोपऱ्यात आहे: “बँकेतून सुटल्यावर तिच्या पाठीवर बसून शेतांच्या कडेने एक चक्कर मारावी, एवढंच मनात होतं.” हे वाचून मला तर बरं वाटलं. ज्याला स्पर्धेत उतरायचं त्याने खुशाल उतरावं, पण त्याच्या मापाने तुम्ही स्वतःला का मोजता?

वडिलांच्या शिलेदारीबद्दलही बोलायला हवं, कारण ते ओझं तुम्ही खोगिराखाली घेऊन फिरताय असं दिसतं. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदार स्वतःच्या. घोडा मेला किंवा लंगडा झाला तर शिलेदाराची पुंजीच बुडाली. असा माणूस जनावर उगाच पळवत नसतो. मुलूखगिरीवरची फौज मुक्काम दरमुक्काम जायची ती मुख्यतः चालीवर आणि दुडकीवर, म्हणजे हलक्या धावेवर. चालीवर घोडा तासाला सहाएक किलोमीटर जातो, दुडकीवर साधारण दुप्पट, आणि लांबचा पल्ला याच दोन चालींनी गाठला जातो. चौखूर दौड लढाईच्या वेळची आणि चित्रकारांच्या आवडीची. तुमच्या पणजोबांनी आवारातली तुमची चाल पाहिली असती तर आधी घोडीची पाठ आणि खूर तपासले असते. मग कदाचित सईसाला चार शब्द सुनावले असते.

कारण माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातंय. ‘सईस तिला पळवून आणतो, ती दमली की मी बसते’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. यात तिघांचंही नुकसान आहे. रोज पळणारी घोडी दिवसेंदिवस ताकदवान होत जाते, म्हणजे तिला दमवायला दर महिन्याला थोडं जास्त पळवावं लागणार. फाटकाबाहेर पडलं की धावायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसतं. मग एखाद्या दिवशी तुम्ही त्याच रस्त्यावर निवांत चाल मागितलीत तर तिला बिचारीला कोडं पडणार. डांबरी रस्त्यावरची दौड तिच्या पायांनाही बरी नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताजीतवानी घोडी तुम्ही कधी पाहतच नाही. दमलेली तेवढी सुरक्षित, न दमलेली धोक्याची, असा हिशेब मनात बसला की भीती कमी व्हायची कशी? सईसाला रागावू नका, तो आपल्या परीने तुम्हाला मदतच करतोय. फक्त उद्यापासून कालव्याच्या रस्त्यावर तोही चालवतच नेईल, एवढं ठरवून टाका.

त्याच्याशी बोलताना चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाचीही चौकशी करा. काम वीस मिनिटांचं आणि बादलीत चणे, जव, वर गूळ असा खुराक चालू असेल तर ती उड्या मारणारच. घोडा मुळात दिवसाचा बराचसा वेळ तोंड चालू ठेवणारा प्राणी. त्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल सतत तयार होत राहतं. दोन वेळा भरपूर चंदी आणि मधले तास रिकामे, अशाने पोटात व्रण होतात, पोटशूळ उठतो. हलकं काम असलेल्या जनावराला मुख्यतः कोरडा चारा हवा, वजनाच्या दीड ते दोन टक्के. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला पाच ते सात किलो, थोडा थोडा करून. चंदी कमी करायची तीही हळूहळू, एकदम नाही. आणि दिवसातून काही तास तिला मोकळ्या जागेत, शक्यतो दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने सोडता येतं का ते फार्मच्या मालकांना विचारा. निम्म्या ‘खोडकर’ घोड्यांची खोड एवढ्यावर उतरते, असा माझा अनुभव आहे.

तंग आवळताना तुमच्या पोटात गोळा येतो, हे कळलं. त्या वेळी तिचं काय होतं, ते तुम्ही लिहिलं नाही. पुढच्या वेळी नीट बघा. कान मागे पडतात का? शेपूट झटकते का? मान वळवून तुमच्या कोपराकडे दात आणते का? तसं असेल तर तिला दुखतंय असं समजून चला आणि घोड्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला बोलवा. दात, पाठ, खूर, पोट, सगळं पाहून घ्या. खोगीर तुम्ही तयार आणलं की तिच्या पाठीच्या मापाने बघून घेतलं? रपेटीनंतर खोगीर उतरवलं की घामाचा ठसा पाहा. सगळी पाठ ओली आणि मध्येच एखादा कोरडा पट्टा राहिला असेल तर तिथे दाब पडत असण्याची शक्यता असते. खरारा करून, म्हणजे अंग घासून, झालं की तळहात मणक्याच्या दोन्ही बाजूंनी सावकाश मागे न्या. कुठे कातडी थरथरली, कुठे पाठ खाली गेली, ते लक्षात ठेवून पशुवैद्याला सांगा. दुखणाऱ्या पाठीवर धीराचे कितीही धडे गिरवले तरी उपयोग शून्य.

आता भीतीबद्दल. ‘घोड्याला आपली भीती कळते’ हे तुम्हाला क्लबात सांगितलं असेल, आणि पडल्यावर तुम्ही त्याचा अर्थ ‘म्हणजे चूक माझीच’ असा लावलात. यात तथ्य आहे, पण तेवढंच. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना ठरावीक अंतर घोडा चालवत न्यायला किंवा त्यावर बसून जायला सांगितलं, आणि शेवटच्या फेरीआधी सांगितलं की आता तुम्ही जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. म्हणजे धास्ती पोहोचते हे खरं, पण ती काही जादूने पोहोचत नाही. आपण श्वास रोखतो, मांड्या आवळतो, लगाम आखडतो, आणि खालच्या जनावराला वाटतं की वरच्या बाईंना काहीतरी दिसलंय. मनातली भीती काढून टाका असं सांगणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. ती कुणाला हुकमाने काढता आली आहे? श्वास मात्र सोडता येतो. सर्वात सोपा उपाय म्हणजे गाणं म्हणा. गाणाऱ्या माणसाला श्वास रोखून धरता येत नाही. आरती म्हणा, ओव्या म्हणा, काही सुचलं नाही तर तेराचा पाढा. घोडी सुरांबद्दल तक्रार करणार नाही.

शिवाय रोझाला बुजणं हा काही गुन्हा नाही. नीलगायीसारखं धूड शेतातून उसळून बाहेर आलं तर सायकलवाला पण पडतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. कडेने काही हललं की आधी उडायचं, मग बघायचं, ही त्याच्या जातीची हजारो वर्षांची सवय. त्यात ही सहा वर्षांची पोर, आणि तुम्ही नव्या. नव्या स्वाराला नवी घोडी हा जोड कठीणच असतो. क्लबातले म्हातारे घोडे तुमच्या नकळत निम्मं काम स्वतः करत होते. ‘पडल्यावर लगेच परत बसलं पाहिजे’ हा सल्लाही मी तुमच्या जागी मनावर घेतला नसता. मोडलेल्या मनगटाने कुणी बसतं का?

मग करायचं काय? काही दिवस खोगीर बाजूला ठेवा आणि ज्या शेतरस्त्याने तुम्हाला संध्याकाळी जायचं आहे, त्यावरून घोडीला पायी घेऊन चला. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, मोहरकीला (घोडीच्या तोंडावरच्या दोरीच्या साजाला) लांब दोर. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घड्या करून धरायचा. तुम्ही तिच्या खांद्याजवळ. काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकांना टेकतात, त्यामुळे ते कुठे रोखलेत ते वाचायला फार सोपे. पंपाच्या खोलीकडे कान रोखून ती थबकली की तुम्हीही थांबा. ओढू नका, थोपटत बसू नका. उभ्या राहा, श्वास सोडा, बघू द्या. थोड्या वेळाने मान खाली येते, जीभ-ओठ हलतात, नाकातून लांब फुर्रर्र निघतं. मगच पुढचं पाऊल. परतताना तीच खोली तिला दुसऱ्या बाजूने दिसते आणि कित्येकदा नवीच वाटते, तेव्हा येतानाही तोच धीर ठेवा. जाताना काही केलं नाही आणि येताना नाटकं करते, अशी तक्रार घोडेवाले नेहमी करतात, ती यामुळेच. अशा चालण्यात तुम्हाला तिची ओळख होते, आणि तिला हे समजतं की या बाईंच्या सोबतीने विचित्र वस्तूंजवळून गेलं तरी काही होत नाही. हाच काळ मला सगळ्यात मौजेचा वाटतो, आणि लोक नेमका तोच टाळतात.

बसायला लागलात की पहिले काही दिवस फार्मवरचा एखादा शांत, वयस्कर घोडा पुढे असू द्या. घोड्याला घोड्याचा धीर लवकर मिळतो. तिच्या गळ्यात एक जुना रिकिबीचा (पाय ठेवायच्या कडीचा) पट्टा सैलसर बांधून ठेवा. ती दचकली की लगामाला लोंबकळण्याऐवजी बोटं त्या पट्ट्यात अडकवायची, म्हणजे तिच्या तोंडाला हिसका बसत नाही आणि तुमची मांडही सुटत नाही. आवारात, उभ्या घोडीवर, एका बाजूचा लगाम हळूहळू जवळ घेऊन तिची मान तुमच्या गुडघ्याकडे वळवायची सवय दोघींना लावा. दोन्ही बाजूंनी, चालीवरही. उधळण्याच्या सुरुवातीलाच ती अशी वळवता आली तर वेग मोडतो. मात्र भर दौडीत एकदम मान ओढायची नाही, त्यात घोडी पडू शकते. आणि भीती वाटली तर उतरा. उतरून चाला, पुढच्या बांधावर परत बसा. उतरल्याने घोडी शेफारते, हा समज मला पटत नाही. माघारी कुठून वळायचं ते निघण्याआधीच ठरवा, म्हणजे ‘अजून थोडं’चा मोह होत नाही.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. स्कूटरचं जड असतं आणि त्यात नीट ऐकू येत नाही. ज्या हेल्मेटसह पडलात ते बाहेरून धड दिसत असलं तरी बदला. पायात टाचेचे बूट, रिकीब पावलाच्या दोन्ही कडांना थोडी जागा सोडेल एवढी रुंद. धनुर्वाताची लस तुमची आणि घोडीची दोघींची झाली आहे ना, ते पाहा. भटकी कुत्री मागे लागली तर पळू नका; घोडीला त्यांच्याकडे तोंड करून उभं करा, बहुतेक वेळा ती थबकतात. उन्हाळ्यात सकाळ सोडून बाहेर पडूच नका.

ट्रेनरचं म्हणाल, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. मी येऊन बघू शकते का? आणि शेवटचे काही आठवडे मला तिच्यावर बसवून शिकवणार का? दोन्हींना हो म्हणाला तर जरूर विचार करा, चांगल्या हाताखाली तरुण घोडी खरंच सुधारते. ‘तुम्ही येऊ नका, ती बिघडेल’ म्हणाला तर नमस्कार करून निघा. बंद दारामागे ‘सरळ’ केलेली घोडी त्याच्याच हाताखाली सरळ राहते.

विकण्याला मी सरसकट नाही म्हणणार नाही. अंगाची तपासणी झाली, चंदी बदलली, पायी फिरवून झालं, आणि तरी ती मागच्या पायांवर उभी राहत असेल किंवा हाताबाहेर उधळत असेल, तर ती जाणत्या स्वाराकडे गेलेली बरी. तुमच्या हाडांनाही काही किंमत आहे. किंवा असंही होईल की ती विकली गेल्याची कल्पना करून बघाल आणि मनात नुसता सुटकेचा श्वास येईल. तसं झालं तरी त्यात नामुष्की काही नाही. फक्त कुणाला देताय ते स्वतः जाऊन बघा. लग्नाच्या वराती काढणारे चांगली किंमत देऊ करतील. पिशवीला बुजणारी घोडी डीजे आणि फटाक्यांत काय करेल, याचा विचार तुम्हीच करायचा. मधला एक मार्ग आहे, एखाद्या जाणत्या, हलक्या हाताच्या स्वाराला आठवड्यातले काही दिवस अर्ध्या खर्चावर घोडी वाटून द्यायची. तुमच्या फार्मवर स्पर्धेची तयारी करणाऱ्यांत असा एखादा सापडेल, आणि तुम्हाला त्यांची लाज वाटते तेवढं त्यांचं तुमच्याकडे लक्ष असेल असं मला मुळीच वाटत नाही.

यजमानांना मात्र एकदा फार्मवर घेऊन जा. त्यांनी घोडी पाहिली असेल, पण जास्त पाहिलंय ते तुमचं प्लास्टर. पायी फिरवताना जमिनीवर एक माणूस, खिशात फोन ठेवून, सोबत असणं हे तसंही शहाणपणाचं. त्यांना ते काम द्या. भोवऱ्याबद्दल नणंदेशी वाद घालू नका. भोवऱ्यांवरून घोडा शुभ-अशुभ ठरवायची आपली जुनी रीत आहे, आणि व्यापारी तिचा उपयोग भाव पाडायला हमखास करतात. त्या भोवऱ्यामुळे तुम्हाला घोडी चार पैसे स्वस्त पडली असेल तर नणंदेला पेढे द्या.

एक गोष्ट लगेच करायची आहे. उत्तरायण जवळ आलंय. १४ आणि १५ जानेवारीला, आणि त्याच्या आगेमागे पोरं रस्त्यावर पतंग धरत असतात त्या दिवसांत, घोडीला फार्मबाहेर काढू नका. गच्चीवरून अचानक खाली झेपावणारा पतंग तुमच्या घोडीला रोझापेक्षा भारी पडेल, आणि आडवा आलेला मांजा घोड्यावर बसलेल्या माणसाच्या बरोबर गळ्याच्या उंचीला असतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो मिळतो आणि उडतो. सण संपला तरी दोरा बाभळींवर आणि तारांवर फेब्रुवारीपर्यंत लटकत राहतो. तोवर घोडीला बाहेर नेण्याआधी सईसाला रस्त्यावरून एकट्याला पाठवा, आणि तुमच्याही खिशात एक छोटी कात्री असू द्या.